पिंपातला ताप : साखरेच्या द्रावणाची दारू आणि तिची उष्णता मोजणारी माणसे

१/
१७९३ साली लंडनमध्ये ब्रायन एडवर्ड्स या जमैकातील मळेमालकाचा वेस्ट इंडीज बेटांवरील बृहद् इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला. वसाहतींचे राजकारण, व्यापार आणि शेती यांच्या जोडीला त्यात रम कशी तयार होते याचेही वर्णन आहे. त्या वर्णनात एक आकडा येतो : आंबणाऱ्या द्रावणाची उष्णता फॅरेनहाइटच्या तापमापकावर ९० ते ९४ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. सेल्सिअसच्या मापात हे साधारण ३२ ते ३४ अंश होतात. उष्ण प्रदेशातील मळीवर चालणाऱ्या आजच्या आसवनीही किण्वन याच मर्यादेच्या आत राखण्याची धडपड करतात.

२/
एडवर्ड्सने हे लिहिले तेव्हा यीस्ट हा सजीव आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. शीतयंत्र नव्हते, वीज नव्हती. तरीही मर्यादा बरोबर सापडली होती. ती कशी सापडली, ती पाळण्यासाठी कोणी काय केले आणि त्या खटाटोपातून विज्ञानाच्या पदरात काय पडले, याचा हा धागा.

३/
आधी मूळ अडचण. ऊर्ध्वपातनाच्या भट्टीखाली जाळ माणूस घालतो. त्याआधीच्या आंबवण्याच्या टप्प्यात उष्णता आपोआप निर्माण होते. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते, आणि साखरेतील थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. लिटरमागे १८० ग्रॅम साखर असलेले द्रावण पूर्ण आंबले आणि त्यातील उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर हिशेबाने त्याचे तापमान वीस अंशांहून अधिक चढेल. २८ अंशांवर सुरू झालेले द्रावण ५० च्या घरात जाईल. पण तिथवर पोचण्याआधीच यीस्ट मरून जाईल.

४/
या संकटाची तीव्रता भांड्याच्या आकारावर ठरते. भांड्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली की आतला माल आठपट होतो. उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र चौपटच वाढतो. म्हणून वीस लिटरचे मडके सावलीत ठेवले की स्वतःहून निवते आणि हजारो लिटरचा हौद स्वतःच्याच तापाने फणफणतो. घरच्या भट्टीत तापमानाचा फारसा विचार न करताही काम निभावते आणि कारखान्यात तोच विचार जीवनमरणाचा ठरतो, त्याचे कारण हे साधे भूमितीचे गणित आहे.

५/
ताप चढला की नेमके काय बिघडते? प्रथम यीस्ट घाईने काम करते आणि जड, उग्र वासाचे मद्यार्क अधिक प्रमाणात सोडते. पुढे ते थकते. ४० अंशांच्या आसपास बहुतेक जाती निकामी होऊ लागतात. मग न आंबलेली साखर तशीच उरते आणि उष्णता मानवणारे जिवाणू तिच्यावर तुटून पडतात. द्रावण आंबट होते, दारूचा उतारा घटतो. उलट फार थंडी पडली तर यीस्ट झोपी जाते आणि द्रावण दिवसचे दिवस निपचित पडून राहते. या दोन टोकांमधली वाट अरुंद आहे.

६/
आता जमैकाकडे. एडवर्ड्सने दिलेले शंभर गॅलनचे प्रमाण असे : ५० गॅलन 'डंडर', ६ गॅलन मळी, उसाचा रस उकळताना वर येणारा फेसाळ मळ ३६ गॅलन आणि पाणी ८ गॅलन. डंडर म्हणजे आधीच्या ऊर्ध्वपातनानंतर भट्टीत उरलेले काळे, आंबट पाणी. आपल्याकडचे साखर कारखाने त्यालाच स्पेंट वॉश म्हणतात. ते आंबट असल्याने नव्या द्रावणात उपद्रवी जिवाणूंना सहजी पाय रोवता येत नसत आणि यीस्टला पोषणही मिळे. साखर कारखान्याचा उकिरडा वाटावा अशा जिनसांतून मळ्याला मोठे उत्पन्न मिळत होते.

७/
यातली खरी मेख मळी घालण्याच्या पद्धतीत आहे. सगळी मळी एकदम ओतायची नाही. द्रावण चोवीस तासांत उसळू लागले की शंभर गॅलनांस तीन गॅलन या मानाने पहिला हप्ता, आणि एकदोन दिवसांनी दुसरा. आजच्या भाषेत हा तापमानावरचा लगाम आहे. साखर बेताने मिळाली की यीस्ट बेताने काम करते आणि उष्णताही बेताने निघते. दोन हप्त्यांमधल्या वेळात हौदाला निवायला सवड मिळते. पाचव्या दिवसानंतर उसळी ओसरत जाई आणि सातव्या-आठव्या दिवशी द्रावण नितळ होऊन भट्टीवर चढवण्याजोगे होई.

८/
एडवर्ड्स हा गुलामगिरीचा समर्थक आणि गुलामांचा मालक होता. त्याच्या ग्रंथात आकडे आहेत. हौदापाशी रात्रंदिवस उभे राहणारे आफ्रिकी गुलाम मात्र तिथे नावानिशी येत नाहीत. रस उकळणे आणि दारू गाळणे ही मळ्यावरची कौशल्याची कामे बहुतांशी त्यांच्याच हातून होत. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आवाज, हौदाच्या कडेला लावलेला तळहात आणि नाकाला जाणवणारा आंबूस झोत ही त्यांची मापे. मळेमालकाच्या पुस्तकातला तापमापकाचा आकडा याच कामावर बेतलेला आहे. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, आणि जमैकात सक्तीच्या 'उमेदवारी'चे जोखड उतरायला १८३८ उजाडले. ज्ञान कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न रमच्या इतिहासात जागोजागी उभा राहतो.

९/
तो आकडा लिहिता आला कारण मोजण्याचे साधन नुकतेच हाती आले होते. डॅनियल फॅरेनहाइटने पाऱ्याचा भरवशाचा तापमापक १७१४ च्या सुमारास घडवला. दारूच्या धंद्यात त्याचा शास्त्रशुद्ध उपयोग मांडणारा पहिला महत्त्वाचा लेखक म्हणजे लंडनजवळचा बिअर-उत्पादक मायकेल कॉम्ब्रून. १७५८ मध्ये त्याचा निबंध आणि १७६२ मध्ये मोठा ग्रंथ निघाला. धान्य भिजवण्यापासून किण्वनापर्यंत प्रत्येक टप्प्याला त्याने अंश लावून दाखवले. तोवर पाण्याची उष्णता ठरवण्याची रीत अशी होती की वाफ विरळ होऊन पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की ते योग्य झाले.

१०/
नवे साधन सुखासुखी स्वीकारले गेले नाही. इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात ऑल्टन येथे जेम्स बॅव्हरस्टॉक नावाचा तरुण वडिलांच्या बिअर-कारखान्यात काम करी. नव्या खुळांविषयी वडिलांना तिटकारा होता, म्हणून १७६० च्या दशकात या मुलाला तापमापक लपवून वापरावा लागला. पुढे द्रावणाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा प्रसारही त्यानेच केला. वडिलांचा विरोध निव्वळ हट्टाचा म्हणता येणार नाही. ज्यांची पत हाताच्या अंदाजावर उभी आहे, त्यांना काचेची नळी कोणाच्याही हाती गेलेली कशी रुचावी?

११/
एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधले किण्वनाचे हौद प्रचंड झाले आणि चौथ्या पोस्टमधले गणित तिथे प्रत्यक्षात उतरले. त्यावर उपाय म्हणून हौदांत तांब्याच्या नळ्यांची वेटोळी सोडण्यात आली आणि त्यांतून थंड पाणी फिरवले जाऊ लागले. तापमान चढले की पाणी सोडायचे, उतरले की बंद करायचे. हौदावरचा माणूस आता दिवसातून अनेकदा आकडे टिपू लागला. अंशाच्या लहानशा फरकाला पैशाचे मोल आले.

१२/
या वातावरणाने भौतिकशास्त्राला एक मोठी देणगी दिली. १८१८ मध्ये सॅल्फर्ड येथे जन्मलेला जेम्स प्रेस्कॉट जूल हा बिअर-उत्पादकाचा मुलगा. १८४० च्या दशकात त्याने पाण्यात पाती फिरवून यांत्रिक कार्यातून किती उष्णता निघते ते मोजले. फरक इतका सूक्ष्म होता की अनेक विद्वानांचा विश्वास बसेना. मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सरकडून करवून घेतलेल्या तापमापकावर आपण अंशाचा दोनशेवा भाग वाचतो, असे जूल सांगे. कारखान्यात अंशाअंशासाठी जागणाऱ्या घराण्यातल्या माणसाला ही नजर लाभणे स्वाभाविक होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमामागे दारूच्या हौदावरची ही तालीम उभी आहे, याकडे विज्ञानाच्या इतिहासकारांनी लक्ष वेधले आहे.

१३/
जिथे थंड पाणीही पुरेसे नव्हते तिथे पंचांगाचा आधार घेतला गेला. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या उन्हाळी काळात बिअर गाळण्यास बंदी घातली, कारण उन्हाळ्यातला माल हमखास नासे. हिवाळ्यात तयार केलेली बिअर डोंगरातल्या तळघरांत बर्फाच्या सोबतीने साठवली जाई. या सक्तीतून पाच ते दहा अंशांच्या थंडीत, तळाशी बसून सावकाश काम करणारे यीस्ट निवडले गेले. आज जगभर खपणारी लागर बिअर ही त्या बंदीची अपत्य आहे.

१४/
पंचांगाची ही सत्ता यंत्राने संपवली. म्युनिकच्या श्पाटेन कारखान्याच्या मालकांनी कार्ल लिंडे या तरुण प्राध्यापकाच्या शीतयंत्राला पाठबळ दिले. १८७३ मध्ये पहिले यंत्र चाचणीस लागले आणि १८७६ पर्यंत अमोनियावर चालणारी सुधारित रचना सिद्ध झाली. घरातला फ्रीज, मुंबईच्या बंदरावरचे मासळीचे शीतगृह, लसींची साठवण या साऱ्यांच्या वंशावळीत आंबत्या पिंपाला निववण्याची ही गरज कुठेतरी आहेच.

१५/
पण ताप आवरायचा तो नेमका कोणाचा, हे कळायला लुई पाश्चर यावा लागला. १८५६ मध्ये तो लील येथे विज्ञान शाखेचा प्रमुख होता. तिथल्या बिगो नामक उद्योजकाची बीटच्या रसापासून मद्यार्क काढणारी आसवनी होती आणि तिचे हौद वारंवार आंबट पडत होते. पाश्चरने नमुने सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चांगल्या हौदात यीस्टचे गोल पुंजके दिसले. नासलेल्यात त्यांच्या जागी बारीक दांडुक्यांसारखे जीव वळवळत होते. १८५७ मध्ये त्याने लॅक्टिक किण्वनावरचा निबंध वाचला. साखरेच्या द्रावणाचे नासणे म्हणजे एका सजीवाने दुसऱ्याची जागा बळकावणे होय, हे त्यातून उघड झाले.

१६/
यामुळे तापमानाचा अर्थच बदलला. अंश वाढवणे किंवा उतरवणे म्हणजे दोन स्पर्धक जिवांपैकी एकाची बाजू घेणे. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हॅन्सनने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट उत्पादनात आणले. आता हवी ती जात निवडता येऊ लागली आणि तिला मानवणारे तापमानही ठरवता येऊ लागले. साखरेच्या जगात हीच दृष्टी पुढे नेणाऱ्यांत पोर्तो रिकोचा रसायनशास्त्रज्ञ राफाएल आरोयो अग्रणी होता. रमवरचा त्याचा अभ्यास १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. यीस्टची निवड आणि तापमानाचे नियंत्रण यांवर त्याने भर दिला.

१७/
जमैकाने मात्र या कथेला एक वळण दिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिथे काम करणाऱ्या चार्ल्स ॲलन या किण्वनतज्ज्ञाला दिसले की जमैकी रमचा प्रसिद्ध दाट सुगंध काही अंशी जिवाणूंमुळेच येतो. त्यांनी तयार केलेली आम्ले मद्यार्काशी मिळून सुवासिक एस्टर बनतात. लीलच्या हौदात जे नासणे होते, तेच जमैकाच्या हौदात मर्यादेत राहिले तर वैशिष्ट्य ठरत होते. शुद्धतेचा नियम सगळीकडे सारखा लावता येत नाही, हे किण्वनाच्या इतिहासातले महत्त्वाचे भान आहे.

१८/
आता कारखान्यांकडून घरांकडे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात चोरून दारू गाळणाऱ्यांनी धान्याऐवजी मोठ्या प्रमाणावर साखर वापरली. साखर विरघळवली की काम सुरू. धान्याला मोड आणण्याचा खटाटोप नाही. उन्हाळ्यात द्रावण काही दिवसांत तयार होई. डोंगरातल्या हिवाळ्यात ते रेंगाळे. मग पिंपांना गवत, भुसा किंवा शेणखताची ऊब दिली जाई. कारखान्याला जिथे थंडावा विकत घ्यावा लागत होता, तिथे लहान पिंपाला ऊब द्यावी लागत होती. चौथ्या पोस्टमधले गणित इथे उलट्या बाजूने दिसते.

१९/
या लहान भांड्यांच्या शहाणपणाचे उत्तम उदाहरण गोव्यात आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. फेणीसाठी काजूच्या बोंडांचा रस परंपरेने मातीत अर्धवट पुरलेल्या मडक्यांत, बाहेरचे यीस्ट न घालता, सुमारे तीन दिवस आंबवतात. हंगाम फेब्रुवारी ते मे, म्हणजे ऐन उन्हाळ्याचा. अशा वेळी सच्छिद्र माती आणि भोवतालची गार जमीन मडक्यातली उष्णता शोषून घेते. तापमापक नसतानाही इथे तापमानाची व्यवस्था आहे. ती भांड्याच्या आणि जागेच्या निवडीत दडली आहे. पहिल्या ऊर्ध्वपातनाचे हुर्राक आणि पुढची फेणी यांपैकी फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

२०/
महाराष्ट्रातली हातभट्टी हे याच विद्येचे काळवंडलेले रूप. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर चोरटी गाळप फोफावली. पोलिसांच्या पंचनाम्यात आजही 'गूळमिश्रित कच्चे रसायन' आणि नवसागर हे शब्द येतात. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. निव्वळ गुळात यीस्टला पुरेसा नायट्रोजन मिळत नाही. नवसागर तो पुरवतो. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसांनी ही उणीव अनुभवाने हेरली होती. मात्र एक गैरसमज दूर व्हावा. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभरांहून अधिक माणसे दगावली ती द्रावणाचा ताप चढल्यामुळे नव्हे. त्यांच्या दारूत औद्योगिक मिथेनॉल होते. साखरेच्या किण्वनात मिथेनॉल जवळजवळ तयारच होत नाही. ते विष बाहेरून, नफ्याच्या हव्यासाने येते.

२१/
भांडी मोठी होण्यामागे कायद्याचाही हात होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर ब्रिटिश सरकारने गावोगावच्या मोहाच्या भट्ट्या मोडीत काढून गाळप मध्यवर्ती आसवनींत एकवटण्याचे धोरण राबवले. उरण हे अशा गाळपाचे मोठे केंद्र होते. हेतू महसुलाचा होता. आदिवासी आणि कोकणी घरांतली मडकी गुन्ह्याची साधने ठरली. मडके जाऊन हौद आला की उष्णतेचा प्रश्नही घरातून कारखान्यात जातो. घरगुती ज्ञान बेकायदा ठरले आणि तोच प्रश्न अभियंत्यांच्या पुढ्यात नव्याने उभा राहिला.

२२/
१९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे अशा अनेक कारखान्यांनी मळीवर आसवनी उभारल्या. त्यांचे फर्मेंटर हजारो नव्हे, लाखो लिटरचे असतात. मार्च ते मे या काळात नदीचे पाणीच कोमट झालेले असते, आणि त्याच पाण्याने ३२ अंश राखायचे असतात. म्हणून द्रावण उष्णता-विनिमयकातून सतत फिरवावे लागते, शीतक मनोरे उभारावे लागतात आणि उष्णता सोसणाऱ्या यीस्टच्या जाती शोधाव्या लागतात. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा साखर संस्थेत किण्वनावर संशोधन चालते, ते याच गरजेतून.

२३/
आज या हौदांतला बराचसा मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळला जातो. उन्हाळ्यात फर्मेंटर दोन-तीन अंशांनी तापला तर मळीतली साखर वाया जाते, कारखान्याचे उत्पन्न घटते आणि त्याची झळ अखेर ऊस घालणाऱ्या सभासदाच्या दरापर्यंत पोचू शकते. तापमानवाढीच्या काळात ही झळ अधिक वेळा लागेल, अशी धास्ती बाळगायला आधार आहे.

२४/
जमैकाच्या हौदाला तळहात लावणारा अनाम गुलाम, वडिलांपासून तापमापक लपवणारा बॅव्हरस्टॉक, दांडुक्यांसारखे जीव पाहणारा पाश्चर, मडके मातीत पुरणारा गोव्याचा भाटकार आणि रात्रपाळीत दर तासाला अंश टिपणारा नगर जिल्ह्यातला आसवनी-कामगार यांच्यापुढचे काम एकच होते : यीस्टला त्याच्याच उष्णतेपासून वाचवणे. यांपैकी ज्यांनी आकडे लिहून ठेवले त्यांची नावे इतिहासात राहिली. बाकीच्यांचे ज्ञान भांड्यांच्या आकारात, मळी घालण्याच्या हप्त्यांत आणि जागेच्या निवडीत राहिले आहे. इतिहास वाचताना तेही पुरावे म्हणून वाचायला हवेत.

(धागा समाप्त)